ह्यो दमला बघ

आबांना सबटायटल वाचता येत नाहीत. इंग्रजी येत नाही हे एक, आणि आलं असतं तरी ती अक्षरं इतक्या पटकन येऊन जातात की ८३ वर्षांच्या माणसाने चष्मा सावरेपर्यंत पुढचं वाक्य आलेलं असतं. म्हणून गेली काही वर्षं मी घरी गेले की रात्रीची जेवणं झाल्यावर मोबाइल टीव्हीला जोडते, एखादा कोरियन तलवारीचा सिनेमा लावते आणि त्यांच्या कॉटवर शेजारी बसून मराठीत सांगत राहते. दोन वाक्यं झाली की पॉज, मी सांगणार, ते हं म्हणणार, मग परत प्ले. दोन तासांचा सिनेमा असा साडेतीन तास चालतो आणि आई आतून दोनदा ओरडते की झोपा आता, त्यांना गोळी घ्यायचीय.

सुरुवात झाली ती 'द स्वॉर्ड्समन'पासून. २०२० चा सिनेमा, जांग ह्योकचा. एकेकाळी राजाचा अंगरक्षक असलेला माणूस डोंगरात मुलीला घेऊन राहतोय, त्याची नजर जात चाललीय, आणि चीनच्या बाजूने आलेले गुलामांचे व्यापारी त्याच्या मुलीपर्यंत पोचतात. गोष्ट म्हटलं तर एवढीच. मी आपली सांगत होते, आबा हा अमुक, तो तमुक, हा राजा आता गादीवर नाही, वगैरे. मारामारी सुरू झाली आणि आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणजे आता काही सांगू नकोस. मी गप्प बसले. बराच वेळ नुसता पात्यांचा आवाज आणि त्या माणसाचा श्वास, आणि मग आबा एवढंच म्हणाले, "ह्यो दमला बघ. खरा गडी हाय."

मी तोपर्यंत असे दहाबारा सिनेमे बघितले होते आणि मला ते का आवडतात हे मला कुणी विचारलं असतं तर मी कॉस्च्युम, बर्फ, सिनेमॅटोग्राफी असलं काहीतरी सांगितलं असतं. आबांनी एका वाक्यात सांगितलं. त्यात माणूस दमतो.

आबा कोल्हापूरजवळच्या आमच्या गावच्या तालमीत पंचवीसेक वर्षं मर्दानी खेळ खेळलेले आहेत. लाठी, फरीगदका, पट्टा. दिवसा गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालायचं काम आणि संध्याकाळी तालीम. त्यामुळे हातात काहीतरी धरून गोल फिरणाऱ्या माणसाला कितव्या मिनिटाला धाप लागते हे त्यांना अंगातून माहितीये. लहानपणी दोन उन्हाळे मीही त्यांच्याकडे लाठी शिकले, आणि तेव्हा ते सारखं एकच सांगायचे, "हाताकडं काय बघतीस, पाय बघ की गं." आता टीव्हीसमोर पण तेच. तलवार कुठे गेली ते ते बघतच नाहीत, पाय कुठे पडला ते बघतात. आणि कोरियन सिनेमावाले पाय दाखवतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. चिखलात रुतलेला पाय, गवतावरून घसरलेला पाय, मागे भिंत लागली म्हणून थांबलेली टाच.

चिनी तलवारीच्या सिनेमात माणसं उडतात, बांबूच्या शेंड्यावर उभी राहतात, आणि ते सुंदरच असतं, मी त्याला नावं ठेवत नाहीये. जपानी सिनेमात बराच वेळ कुणी हलतच नाही, दोघं उभे, वारा, आणि मग एकच वार आणि खेळ संपला. तेही मला आवडतं. पण कोरियन सिनेमात, निदान गेल्या वीसेक वर्षांतल्या चांगल्या सिनेमांत, तलवारीला वजन असतं. ती हाडात अडकते, ओढून काढावी लागते, आणि ती काढेपर्यंत दुसरा अंगावर येतो. २००० च्या आसपास तिकडेही तारांवर उडवाउडवी पुष्कळ चालायची, माझ्या मते वळण आलं ते २००१ च्या 'मुसा'पासून. १३७५ मध्ये चीनच्या मिंग दरबारात गेलेलं कोर्योचं, म्हणजे तेव्हाच्या कोरियाचं, एक शिष्टमंडळ, त्यांना हेर समजून वाळवंटात हद्दपार केलं जातं आणि मग ती मूठभर माणसं घराकडे परत निघतात, असा तो सिनेमा आहे. सगळं शूटिंग चीनमध्ये जाऊन केलेलं, ओठ फुटलेले, कपड्यांना धुळीचा रंग आलेला. त्यातला सगळ्यात जबरदस्त लढवय्या कोण, तर भाला चालवणारा एक गुलाम. सेनापती नव्हे, गुलाम.

आणि इथे मला जे सांगायचंय ते येतं.

जपानमध्ये तलवार ही राज्य करणाऱ्या वर्गाची खूण होती, सामुराईच्या कमरेला दोन तलवारी म्हणजे त्याचा दर्जाच. कोरियात असं नव्हतं. जोसॉन घराण्याने १३९२ पासून १९१० पर्यंत राज्य केलं, पाचशेवर वर्षं, आणि त्या सगळ्या काळात वरचा माणूस म्हणजे कुंचल्याने लिहिणारा माणूस. कन्फ्युशियसचे ग्रंथ पाठ करून परीक्षा पास व्हायचं, पांढरा झगा आणि घोड्याच्या केसांची काळी टोपी घालायची आणि दरबारात बसायचं. या वर्गाला यांगबान म्हणतात, शब्दाचा अर्थ 'दोन बाजू', दरबारात एका बाजूला मुलकी अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला लष्करी, पण प्रत्यक्षात मान पहिल्या बाजूला. युद्धातसुद्धा कोरियाचा अभिमान तलवार नव्हता, धनुष्य होतं, म्हशीच्या शिंगाचं, आखूड, पण फार लांब मारा करणारं. २०११ चा 'वॉर ऑफ द अॅरोज' बघा, १६३६ मध्ये उत्तरेकडून आलेल्या मांचू लोकांच्या स्वारीवरचा, त्यात अख्खा सिनेमाभर बाण आहेत आणि तो तिकडे सत्तर लाखांहून जास्त लोकांनी थिएटरात जाऊन बघितला.

मग तलवार कुणाची? सिनेमा म्हणतो, ज्याच्या हातात ती असायला नको होती त्याची. गुलामाची, खाटकाची, आंधळ्याची, दासीपुत्राची, गादीवरून उतरवलेल्या राजाच्या बिनकामाच्या अंगरक्षकाची. मी जेवढे चांगले कोरियन तलवारपट बघितलेत त्यातल्या बहुतेकांचा नायक असाच कुणीतरी आहे. त्याला तलवार वारशात मिळालेली नसते, दर्जा म्हणून मिळालेली नसते, ती त्याच्या हातात आलीय हाच मुळात गुन्हा असतो, आणि म्हणून तो ती काढतो तेव्हा पोटात जे काही होतं ते नुसत्या मारामारीने होणारं नसतं.

'कुंडो' घ्या. २०१४ चा. एकोणिसाव्या शतकाच्या मधला काळ, दुष्काळ, जमीनदार, सावकारी, आणि नायक आहे बेकजोंग. बेकजोंग म्हणजे खाटीक आणि कातडं कमावणारे लोक, गावाबाहेर राहायचं, ती काळी टोपी घालायची नाही, रेशीम नेसायचं नाही, कौलारू घर बांधायचं नाही, दुसऱ्या घरातलं लहान पोरगं समोर आलं तरी आपण वाकायचं. मी हे आबांना सांगत होते आणि आबा म्हणाले, "आपल्यासारखंच हाय की." दुसरं काही बोलले नाहीत. पण मी थांबले. या खाटकाच्या हातात तलवारही नाहीये, त्याच्या हातात दोन सुरे आहेत, मांस तोडायचे, आणि तो त्यांनीच लढतो. समोरचा खलनायक म्हणजे जमीनदाराचा देखणा मुलगा, लांब तलवार, अंगावर डाग नाही, बांबूच्या बनात केस मोकळे सोडून लढतो तेव्हा नजर हटत नाही. आणि तोसुद्धा आतून त्याच दुखण्याचा आहे, कारण तो लग्नाच्या बायकोचा मुलगा नाही. असल्या मुलांना तिकडे सोजा म्हणायचे, कितीही हुशार असले तरी घराणं त्यांचं नाही. म्हणजे पडद्यावर दोन माणसं एकमेकांना कापतायत आणि दोघांनाही एकाच व्यवस्थेने दाराबाहेर उभं केलंय. हे कळलं की त्या बनातल्या मारामारीकडे नुसती मारामारी म्हणून बघता येत नाही.

हा खलनायक झालेला गांग दोंग-वोन दहा वर्षांनी, २०२४ च्या 'अपरायझिंग'मध्ये गुलाम झालाय. मला ही गोष्ट फार आवडली, तोच देह, तीच चपळाई, पण दहा वर्षांपूर्वी ती मालकाची ऐट होती आणि आता ती एका नोबीची भूक आहे. नोबी म्हणजे पिढीजात गुलाम, आई नोबी असली की पोर नोबी, हे कायद्याने. सिनेमातल्या या गुलामाच्या अंगात तलवार उपजत आहे. त्याच्या मालकाचा मुलगा आणि तो एकत्र वाढलेत, आणि त्या मुलाच्या जागी तो लष्करी परीक्षेला बसतो, बदल्यात मुक्त करू असा शब्द दिलेला असतो, आणि तो शब्द मोडला जातो. मग १५९२ मध्ये जपानी फौजा येतात, राजा सोन्जो राजधानी सोडून उत्तरेला पळतो, आणि मागे राहिलेले लोक काय करतात, तर महालाला आग लावतात आणि गुलामांच्या नोंदी जाळतात. हे सिनेमावाल्यांनी रचलेलं नाही, गुलामांच्या दप्तराची कचेरी लोकांनी पेटवली असं त्या काळाच्या दरबारी बखरीतच आलंय. शत्रू दारात आलाय आणि माणसाला पहिली आठवण कशाची येते तर त्या कागदाची, ज्यावर आपण कुणाचे आहोत हे लिहिलंय. तलवारीच्या सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग हा कागद जळण्याचा आहे. मला वाटतं जगात असा प्रसंग लिहायला गुलामगिरी नुसती वाचून चालत नाही, ती घरच्या इतिहासात असावी लागते.

कायद्याने हे सगळं संपलं १८९४ मध्ये. त्याआधी १८०१ मध्ये सरकारी मालकीच्या सुमारे ६६ हजार नोबींना मुक्त केलं होतं. पण कायद्याने संपतं आणि गावात संपत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. बेकजोंगांच्या पोरांना शाळेत घेत नव्हते. मग एप्रिल १९२३ मध्ये दक्षिणेतल्या जिंजू गावात त्यांची संघटना उभी राहिली, ह्योंगप्योंगसा, आणि ह्योंगप्योंगचा अर्थ तराजूचा काटा समान. खाटकाच्या हातातलाच तराजू. त्यानंतर चार वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, आपल्याकडे महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता असं मी म्हणत नाहीये, पण एका मराठी माणसाला 'कुंडो' बघताना सबटायटलच्या पलीकडचं काय कळतं, तर हे.

आता थोडं एका पुस्तकाविषयी, कारण त्याच्यावर मी अक्षरशः महिनाभर अडकून होते. त्याचं नाव मुये-दोबो-तोंगजी. १७९० मध्ये राजा जोंगजोने करून घेतलेलं युद्धकलेचं सचित्र पुस्तक, २४ प्रकार, भाला, काठी, जोडतलवार, घोड्यावरचे प्रकार, सगळं. आज पडद्यावर कोरियन तलवारीचे जे पवित्रे दिसतात त्यांच्या अभ्यासासाठी माणसं शेवटी जातात ती याच पुस्तकाकडे. याची पहिली आवृत्ती म्हणता येईल असं एक छोटं पुस्तक १५९८ मध्ये झालं, जपान्यांशी चाललेल्या युद्धाच्या अगदी शेवटी, तेव्हा त्यात फक्त सहा प्रकार होते, कारण जवळून अंगावर येणाऱ्या जपानी तलवारीपुढे धनुष्यवाल्या फौजेची काय अवस्था होते हे लोकांनी नुकतंच बघितलं होतं. मग १७५९ मध्ये युवराज सादोने त्यात भर घालून १८ केले. हा सादो म्हणजे तोच, ज्याला त्याच्या बापाने, राजाने, १७६२ मध्ये तांदळाच्या लाकडी पेटीत कोंडलं आणि तो आठ दिवसांनी त्या पेटीत मेला. २७ वर्षांचा होता. त्याचा मुलगा तेव्हा दहाएक वर्षांचा, आणि तोच पुढे राजा जोंगजो झाला. म्हणजे १७९० चं हे पुस्तक पेटीत मेलेल्या बापाचं अर्धवट काम मुलाने पूर्ण केलेलं आहे. १८ मध्ये घोड्यावरचे सहा घातले, २४ केले.

आणि करणारे कोण? यी दोक-मू आणि पाक जे-गा हे लिहिणारे विद्वान, आणि बेक दोंग-सू हा प्रत्यक्ष हत्यार चालवणारा. पहिले दोघं सोजांच्या शाखेतले, तिसऱ्याच्या घराण्यालाही तोच डाग. ज्यांना मोठ्या पदांची दारं बंद होती त्यांच्याकडून राजाने देशाच्या तलवारीचं पुस्तक लिहून घेतलं. मला हे कळलं त्या दिवशी मी खरंच खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या, कारण सिनेमात जे मला दिसत होतं ते सिनेमावाल्यांनी हवेतून आणलेलं नव्हतं, ते तिथे होतं. शिवाय मूळ पुस्तक दरबारी चिनी लिपीत, पण सोबत एक भाग साध्या कोरियन लिपीत काढला, म्हणजे शिपायालाही वाचता यावं. आणि त्यात शत्रूची, जपान्यांची तलवारही शिकवलीय, वेगळं प्रकरण करून, नाव न लपवता. ज्याने आपल्याला मारलं त्याचा हात कसा चालतो ते नीट लिहून ठेवलं. मी आबांना टॅबवर त्यातली चित्रं दाखवली, दोन माणसं समोरासमोर, गुडघे वाकवलेले. त्यांनी चित्र मोठं करायला लावलं, पायाशी बोट नेलं आणि म्हणाले, "वजन मागच्या पायावर. बराबर हाय." मग स्वतः कॉटवरून उठून तसं उभं राहायला लागले, आईने बसवलं.

एक बारीकशी गोष्ट, ज्यांना बघायची सवय आहे त्यांच्यासाठी. कोरियन शिपायाची तलवार, ह्वानदो, कमरेला उलटी लटकलेली असते, मूठ मागे आणि टोक पुढे. पहिल्यांदा बघितलं की वाटतं चुकून लावली. पण त्याच्या मुख्य हत्याराचा विचार करा, धनुष्य. बाण काढताना, दोरी ओढताना पुढे आलेली मूठ आडवी येईल, म्हणून ती मागे. पट्ट्याला एक फिरणारी कडी असते, गरज पडली की म्यान फिरवायचं, मूठ पुढे आणायची आणि उपसायची. जुन्या मालिकांमध्ये नट तलवार नुसती हातात धरून हिंडायचे, अलीकडच्या चांगल्या सिनेमांत ती बरोबर उलटी लटकलेली दिसते आणि मला ती दिसली की एकदम बरं वाटतं, कुणीतरी अभ्यास केलाय, कुणाला तरी याची पडलीय. तलवार दुय्यम होती, हे त्या कडीतच लिहिलंय.

सगळंच चांगलं आहे असं नाही. शेवटची वीस मिनिटं स्लो मोशन आणि व्हायोलिन, हा रोग जवळपास सगळ्यांना आहे. मरणारा माणूस मरता मरता इतकं बोलतो की आबा वैतागतात, "मर की बाबा आता." जपानी आणि मांचू खलनायक बऱ्याचदा नुसतेच क्रूर, त्यांना दुसरं काही कामच नाही. आणि बायका. बायकांच्या हातात तलवार देणारे सिनेमे आहेत, 'ड्युएलिस्ट'मधली हा जी-वोन मला फार आवडते, तिचं चालणं, तिचे खांदे, कसलीही नाजूकपणाची सक्ती नाही, आणि 'मेमरीज ऑफ द स्वॉर्ड'मध्ये तर दोन बायका मध्यभागी आहेत, पण तो सिनेमा इतका देखणा व्हायला बघतो की सूर्यफुलांच्या शेतावरून उड्या मारणाऱ्या मुलीला जमिनीचा विसर पडतो. बाकी बहुतेक ठिकाणी मुलगी पळवली जाते आणि बाप सोडवायला येतो. दोन उन्हाळे लाठी फिरवलेल्या मला हे बघताना दरवेळी वाटतं की तिच्याही हातात काहीतरी द्या.

पण मग 'द अॅडमिरल' येतो.

तो खरं म्हणजे तलवारीचा सिनेमा नाही, समुद्रावरच्या लढाईचा आहे, पण माझ्यासाठी या सगळ्याचा कळस तोच. २०१४ मध्ये आला आणि तिकडे त्याची एक कोटी ७६ लाख तिकिटं खपली, पाच कोटींच्या देशात. १५९७ ची म्योंगन्यांगची लढाई. सेनापती यी सुन-शिनकडे डझनभर जहाजं उरलेली आणि समोरून जपान्यांची शंभराच्या वर. जागा उल्दोलमोकची चिंचोळी सामुद्रधुनी, पाणी इतकं जोरात वळतं की त्याचा आवाज येतो, नावातच रडणं आहे. चोई मिन-शिक यी सुन-शिन झालाय आणि अर्ध्या सिनेमात तो आजारी, थकलेला, रक्त ओकणारा म्हातारा दिसतो. लढाई तासभर चालते.

या माणसाच्या दोन तलवारी आसान शहरातल्या ह्योनचुंगसा या त्याच्या स्मारकात ठेवल्यात. १५९४ मध्ये घडवलेल्या, एकेक जवळपास १९७ सेंटिमीटर. म्हणजे उभ्या माणसापेक्षा उंच. त्या लढायच्या नाहीतच, समोर ठेवून बघायच्या आहेत. पात्यांवर त्याने स्वतःच्या ओळी कोरून घेतल्यात, डोंगर आणि नद्या थरथरतील असल्या. आणि याच माणसाची रोजनिशी आहे, ती वाचली की त्या तलवारीचं वजन कळतं. १५९७ हे वर्ष त्याच्यासाठी कसं गेलं बघा. आधी तुरुंग, मग पद काढून साधा शिपाई म्हणून पांढऱ्या कपड्यात फौजेत पाठवला. त्याला भेटायला बोटीने निघालेली आई वाटेतच गेली. मग परत सेनापती केला, त्याने म्योंगन्यांग जिंकली, आणि त्यानंतर काही आठवड्यांत घरून चिठ्ठी आली, धाकटा मुलगा जपान्यांच्या हातून मारला गेला. छावणीत सगळ्यांसमोर रडता येईना म्हणून तो मीठ पिकवणाऱ्या एका माणसाच्या घरी गेला आणि तिथे रडला. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. सिनेमात हे नाहीये. पण मला दरवेळी त्या १९७ सेंटिमीटरच्या तलवारीच्या शेजारी ते मिठागरवाल्याचं घर दिसतं, सेनापतीला रडायला जागा तिथे मिळाली.

हे सगळं मी आबांना मागच्या दिवाळीत सांगितलं, आणि मग सिनेमा लावला. मला वाटलं होतं त्यांना तोफा आवडतील. कोरियन जहाजं दुमजली असायची, वरच्या मजल्यावर लढणारे आणि खालच्या मजल्यावर वल्हवणारे. वरून धूर, आरोळ्या, सेनापती, आणि खाली अंधारात घामाने निथळणारी माणसं, त्यांना बाहेर काय चाललंय ते दिसत नाही, हाताची सालं निघतायत आणि ते वल्हं ओढतायत. लढाई संपल्यावर त्यातलाच एकजण दुसऱ्याला म्हणतो की आपण इतकं राबलो हे पुढच्या पोराबाळांना कळेल का.

मी ते सांगितलं. आबा काही बोलले नाहीत. सिनेमा संपला, नावं सुरू झाली, आई आतून गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, मी रिमोट उचलला. आबांनी मनगटावर हात ठेवला.

"ती खालची माणसं," म्हणाले, "परत लाव ती."

मी मागे नेऊन परत लावलं. एकदा, आणि मग अजून एकदा. दुसऱ्या वेळेला बघितलं तर त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि वल्ह्याच्या तालावर मुठी हळूहळू आवळत होत्या, सुटत होत्या.